एक मिनिट, पूर्ण

हारमाटन सुटला की वा शहरात सगळंच पिवळट होतं.
सहारातून आलेली धूळ खाटांच्या दांड्यांवर,
सलाईनच्या बाटल्यांवर,
माझ्या पांढऱ्या गणवेशावर.
सकाळी झटकावी, दुपारी परत हजर.
म्हणून तेंगान आजोबा म्हणाले,
"पोरी, आज तुझे कपडे पिवळे दिसतायत,"
तेव्हा मी हसले.
म्हटलं, धूळ आहे, बाबा. धूळच.

पुरुषांचा वॉर्ड, खाट अकरा, सकाळचे आठ.
टोपणात डिगॉक्सिनची एक गोळी,
शर्टाच्या गुंडीहूनही लहान.
कुबुरा मॅडमनी शिकवलं तसं मी बोटांवर घेतलं:
अंगठ्याला माणूस; नाव विचारलं, मनगटावरची पट्टी वाचली,
तर्जनीला औषध, मग मात्रा,
मग तोंडातून की शिरेतून,
करंगळीला वेळ.
पाचही बोटं मिटली. मूठ झाली.
घट्ट मुठीत चूक शिरणार कुठून?

आजोबांनी तळहात पुढे केला.
आयुष्यभर ग्यिल बनवलेला हात:
लाकडाच्या पट्ट्या तासायच्या,
खाली भोपळे बांधायचे,
भोपळ्यांच्या भोकांवर कोळ्याच्या जाळ्याचा पापुद्रा,
म्हणजे सूर जरा गुणगुणतो.
हा माणूस वॉर्डातही खाटेच्या दांडीवर
बोटांनी वाजवत बसायचा, शेजारचे वैतागायचे.
आज दांडी गप्प होती.
उशाशी टीझेडची वाटी, वर साय धरलेली,
कालच्या रात्रीची, तशीच.

पिवळं. गप्प. न जेवलेलं.
तीन वेगळ्या कपाटांतल्या तीन वस्तू,
आणि माझ्या हातात एकच किल्ली,
तीही लागेल की नाही कोण जाणे.

"आयुओ, वीस खाटा राहिल्यात," दाकुरा सर ओरडले.
"अर्धा मिनिट मोज, दुप्पट कर, चल पुढे."
मी स्टेथोस्कोप छातीवर ठेवला
आणि घड्याळाच्या लाल काट्याला सोडलं नाही.
अर्ध्या मिनिटात सव्वीस भरले होते.
पुढच्या अर्ध्यात बावीस.
मधे एक ठोका आलाच नाही,
आणि मी श्वास धरून त्याची वाट बघत राहिले,
दार वाजेल म्हणून कुणाची बघावी तशी.
अठ्ठेचाळीस.
पुन्हा मोजले. अठ्ठेचाळीस.

मूठ उघडली.
पाचही बोटं बरोबर होती.
गोळी तरी द्यायची नव्हती.

फोनवर डॉक्टर: "कोण बोलतंय?"
"विद्यार्थिनी. दुसरं वर्ष."
पलीकडे कुणीतरी चमचा ठेवल्याचा आवाज.
मी कागदावर लिहिलं होतं तेच वाचलं,
कागद थरथरत होता, आकडे नव्हते.
"पुन्हा वाच."
पुन्हा वाचलं.
"थांबव. ईसीजी काढा. रक्त पाठवा, पोटॅशियमही बघा.
आणि त्यांच्याजवळून हलू नकोस."

तक्त्यात लिहिलं: *दिली नाही.*
पुढे कारण, वेळ, सही.
"दिली" लिहायला आजवर कधी एवढी शाई लागली नव्हती.

तिसऱ्या दिवशी धूळ अशी की समोरची मशीद दिसेना.
आजोबा माझ्याकडे बघत म्हणाले,
"आज धुतलेस वाटतं कपडे."
धुतले नव्हते.
दांडीवर त्यांची दोन बोटं चालू होती,
शेजारचा पुन्हा वैतागला होता.

संध्याकाळी कुबुरा मॅडमनी तक्ता वाचला, सावकाश,
चष्मा कपाळावर सरकवून.
मी शाबासकीसाठी उभी होते, खोटं कशाला सांगू.
"पिवळं दिसतंय असं ते किती वाजता म्हणाले?"
साडेसातला, मॅडम.
"आणि तू मोजलंस आठ वाजता."
होय.
"मधल्या अर्ध्या तासात काय करत होतीस?"

बाहेर वारा पत्र्यावर वाळू फेकत होता.

हसले होते, मॅडम.
मी हसले होते, आणि पुढच्या खाटेकडे गेले होते.